प्रोजेक्टला पीआयडी लावता येतो का? अंबडमधलं दोन दिवसांचं वर्कशॉप

पहिला दिवस पूर्ण पैसे वसूल, दुसरा जेमतेम. घाईत असाल तर एवढ्यावर ठरवून टाका. वेळ असेल तर पुढे वाचा, कारण जे आवडलं ते भलतंच आवडलं आणि जे खटकलं त्यावर मी घरी जाताना गाडीत एकटीच बडबडत होते.

विषय असा: कारखान्यात तापमान, दाब, पातळी ताब्यात ठेवायला जी कंट्रोल थिअरी वापरतात, ती प्रोजेक्ट वेळेत पुरा करायला कशी वापरायची. पीआयडी ही त्यातली चूक बघून आपोआप दुरुस्ती करायची नेहमीची पद्धत. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका प्रशिक्षण संस्थेने शनिवार-रविवार धरून हे वर्कशॉप ठेवलं होतं. फी ६,५०० रुपये, वर जीएसटी. त्यात दोन्ही दिवसांचं जेवण, चहा-बिस्किटं आणि एक स्पायरल बाइंडिंगची वही. संस्थेचं नाव लिहीत नाही. पुढे थोडं वाकडं लिहायचंय, आणि नाशिकच्या इंडस्ट्रीत शेवटी सगळे एकमेकांचे व्हेंडर नाहीतर कस्टमर असतात.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची. आमची कंपनी सातपूरला भट्ट्या आणि ओव्हनसाठी कंट्रोल पॅनेल बनवते. आधी मी कमिशनिंगला फिरायचे, आता पीओ (कस्टमरची खरेदीची ऑर्डर) आल्यापासून माल गेटबाहेर पडेपर्यंतचं सगळं माझ्या गळ्यात आहे. त्यामुळे पीआयडी, ऑटोट्यून, ओव्हरशूट हे शब्द मला रोजचेच. ते आपल्याच सोमवारच्या मीटिंगला लावून बघायचे, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी वर्ग मिसळीसारखा होता. सिन्नरचे एक फॅब्रिकेशनवाले काका, गंगापूर रोडच्या एका बिल्डरकडचा तरुण साइट इंजिनिअर, आयटीतल्या दोघी मैत्रिणी, आणि सिंहस्थाच्या कामांमध्ये गुंतलेले एक ठेकेदार दादा. दादांचा फोन दोन्ही दिवस वाजत होता. उशीर म्हणजे काय हे त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत असणार. आमची डिस्पॅचची तारीख कस्टमरच्या हातापाया पडून पुढे नेता येते, २०२७ ची पर्वणी कुणाच्या पाया पडून पुढे नेणार?

शिकवणारे सर निवृत्त, सगळी नोकरी बॉयलर आणि डिस्टिलेशनच्या प्लांटवर गेलेली. भाषा मराठी, लागेल तिथे इंग्रजी शब्द, हातात खडू. संस्थेने चकचकीत स्लाइड बनवून दिल्या होत्या, पण सर त्यांच्याकडे पाठ करूनच उभे राहिले, ते फार बरं झालं.

सुरुवातीचा इतिहास त्यांनी भराभर उरकला. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवलेला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर, मग अशा गव्हर्नरांवर मॅक्सवेलने १८६८ मध्ये लिहिलेला पेपर. थांबले ते फक्त मिनोर्स्कींवर. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचं गणित मांडलं, ते सुकाणूवरचा कसलेला माणूस काय करतो याचं निरीक्षण करून. जहाज आत्ता किती भरकटलंय एवढंच तो बघत नाही. किती वेळ एकाच बाजूला ओढलं जातंय आणि भरकटण्याचा वेग वाढतोय की कमी होतोय, हेही त्याच्या हाताला कळतं. आत्ताची चूक म्हणजे पी, साठत गेलेली चूक म्हणजे आय, चूक बदलण्याचा वेग म्हणजे डी. सर म्हणाले, "आपण यंत्राची अक्कल माणसाला लावत नाहीये. माणसाकडून उसनी नेलेली परत आणतोय." वाक्य घोटून आणलेलं वाटलं, पण मुद्दा खरा आहे.

आता नरसाळ्याचा प्रयोग. हा एकटा प्रयोग बघायला मी परत पैसे भरेन. गुणवत्तेचे गुरू डेमिंग यांनी तो जगभर गाजवला. मी त्याबद्दल वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिला नव्हता. टेबलावर टॉवेल, त्यावर मोठा पांढरा कागद, मधोमध फुली. फुलीच्या बरोबर वर स्टँडला अडकवलेलं स्वयंपाकघरातलं साधं प्लास्टिकचं नरसाळं. त्यातून काचेची गोटी सोडायची आणि ती जिथे थांबेल तिथे स्केच पेनने ठिपका करायचा. सरांनी सिन्नरच्या काकांना पुढे बोलावलं. पहिल्या फेरीत नरसाळ्याला हात लावायचा नाही. काकांनी गोट्या सोडल्या, निळे ठिपके फुलीभोवती पसरले. एखादा लांब, बाकीचे जवळपास.

दुसऱ्या फेरीला लाल पेन. आता गोटी फुलीपासून जेवढी चुकेल, तेवढं नरसाळं उलट्या बाजूला सरकवायचं. काका खूश. "दोन सेंटिमीटर उजवीकडे गेली, तर मी दोन सेंटिमीटर डावीकडे घेणार. सरळ हिशेब आहे." पट्टी लावून, एक डोळा मिटून, अगदी वेल्डिंगचा जॉब सेट करावा तसं काका प्रत्येक वेळी नरसाळं सरकवत होते. फेरी संपली तेव्हा लाल ठिपके निळ्यांच्या बाहेर दूरवर गेलेले.

"काका, मन लावून केलंत ना?"

"मन लावूनच केलं हो सर. निळ्याच्या वेळी तर मी नुसता उभा होतो."

सगळे हसले. गणित असं आहे की गोटी कुठे पडते यातला बराचसा भाग निव्वळ योगायोग असतो. त्या योगायोगाच्या मागे धावून तुम्ही दर वेळी दुरुस्ती केली, तर मूळच्या विखुरण्यात तुमच्या दुरुस्तीचं विखुरणं मिसळतं आणि व्हेरिअन्स (विखुरण्याचं संख्याशास्त्रातलं माप) दुप्पट होतो. म्हणजे ठिपक्यांचा पसारा साधारण १.४ पट. आणखी एक प्रकार आहे: मागची गोटी जिथे पडली त्याच्याच वर नरसाळं न्यायचं. त्यात ठिपके भटकत भटकत कागद सोडून जातात. हे कोण करतं, असं साइट इंजिनिअरने विचारलं. सर म्हणाले, "मागच्या जॉबला ४० दिवस लागले म्हणून पुढच्या कोटेशनमध्ये ४० लिहिणारे सगळे." वर्गात एकदम शांतता. माझ्या शेजारची आयटीतली मुलगी हळूच म्हणाली, "आमचं एस्टिमेशन असंच होतं."

यानंतरचा भाग म्हणजे डेड टाइम, म्हणजे काही केल्यापासून त्याचा परिणाम दिसायला लागेपर्यंतचा वेळ, आणि वर्कशॉपचा जीव इथेच आहे असं मला वाटतं. सरांनी गोदावरीवरचं गंगापूर धरण घेतलं. धरणातून विसर्ग वाढवला की पाणी रामकुंडावर लगेच येत नाही, यायला वेळ लागतो. नाशिककर पूर मोजतात तो तिथल्याच नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. आता समजा गेटवरच्या माणसाला बाकी काहीच माहिती नाही, त्याला फक्त मारुती दिसतो, आणि हुकूम आहे की पाणी कायम मारुतीच्या गुडघ्याला ठेव. तो गेट थोडं उघडतो. मारुती कोरडा. अजून उघडतो. कोरडाच. साहेबांचा फोन येतो, मग तो आणखी उघडतो. मग एकदम पहिलं, दुसरं, तिसरं असं सगळंच पाणी येतं आणि मारुती छातीपर्यंत बुडतो. घाबरून गेट बंद. पाणी तरी चढतंच, कारण वाटेतलं पाणी अजून यायचंय. मग तो अजून बंद करतो, आणि रात्री मारुती पुन्हा कोरडा ठणठणीत. खरोखर धरण असं चालवत नाहीत हे सरांनी स्पष्ट सांगितलं. तिथे वरून येणारा येवा बघून आधीच ठरवतात. "पण तुमच्या ऑफिसात असंच चालवतात."

यामागे नुसती गोष्ट नाही, आकडा आहे. झीगलर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये कंट्रोलर ट्यून करायचे जे नियम दिले, त्यातल्या एका पद्धतीत गेन, म्हणजे चूक दिसली की किती जोर लावायचा तो आकडा, डेड टाइमच्या व्यस्त प्रमाणात येतो. डेड टाइम दुप्पट झाला की गेन निम्मा करायचा. प्रोजेक्टच्या भाषेत सांगायचं तर, बातमी जितकी शिळी तितका हात हलका ठेवायचा. जोर लावायचाच असेल तर आधी बातमी ताजी करायची. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. उशीर उशिरा कळला म्हणून साहेब जास्त चिडतात, आणि चिडून दुप्पट जोर लावतात.

हे मी आमच्यावर ताडून पाहिलं. आमचे एन्क्लोजर, म्हणजे पॅनेलचे बाहेरचे डबे, पावडर कोटिंगला (रंगाला) बाहेर जातात. तिथे काम बुधवारी अडकलं, की व्हेंडर गुरुवारी स्टोअरला सांगतो, स्टोअरवाले शुक्रवारी शीटमध्ये भरतात, शनिवारी ती शीट कुणी उघडत नाही, आणि सोमवारी मीटिंगमध्ये लाल रंग दिसतो. तोपर्यंत बऱ्याचदा कोटिंग सुटलेलंही असतं. तरी लाल दिसलं म्हणून दुसऱ्या व्हेंडरला फोन, वायरमनना रविवारी बोलावणं, ट्रान्सपोर्टवाल्याला ॲडव्हान्स. मग मंगळवारी दोन्हीकडचे एन्क्लोजर एकदम दारात, आणि ठेवायला जागा नाही.

यावर उपाय म्हणून सरांनी स्मिथ प्रेडिक्टर सांगितला. ओटो स्मिथ यांनी तो १९५७ मध्ये डेड टाइम असलेल्या प्रोसेससाठी सुचवला होता. गणितात शिरायला नको, पण गाभा असा की तुम्ही आधीच केलेल्या पण अजून परिणाम न दिसलेल्या गोष्टींचा हिशेब कंट्रोलरनेच ठेवायचा. 'वाटेत काय आहे' याचा एक कॉलम. पुढची कारवाई ठरवताना आधी तो कॉलम बघायचा. आमच्या शीटमध्ये तो कॉलम नव्हता. मी विचारून पाहिलं, वर्गातल्या एकाच्याही शीटमध्ये नव्हता.

जेवणानंतरचं सत्र म्हणजे झोपेशी झुंज, हे कुठल्याही वर्कशॉपचं ठरलेलं असतं. इथे सरांनी बॉयलर ड्रम (बॉयलरची पाणी आणि वाफेची टाकी) काढला आणि निदान आम्ही इन्स्ट्रुमेंटेशनवाले तरी ताठ बसलो. ड्रममधली पातळी कमी झाली म्हणून जास्त फीड वॉटर सोडलं, तर पातळी आधी आणखी खाली जाते. कारण आलेलं पाणी तुलनेने गार असतं, उकळत्या पाण्यातले वाफेचे बुडबुडे आकसतात आणि आकारमान घटतं. वर चढते ती नंतर. याला श्रिंक म्हणतात, उलट्याला स्वेल. नवखा ऑपरेटर इथे हमखास फसतो: पाणी सोडलं तरी पातळी पडतेय असं बघून तो आणखी सोडतो.

आता माणसं. उशीर झालेल्या कामावर नवी माणसं घातली की काम आधी आणखी मागे जातं, कारण जुन्या माणसांना आपलं काम सोडून नव्यांना शिकवावं लागतं. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, आणि तेही आयबीएमच्या ओएस/३६० चा प्रचंड प्रोजेक्ट स्वतः हाकल्यावर. आयटीतल्या मुलींना ब्रुक्स माहीत होते, ड्रम माहीत नव्हता. मला ड्रम माहीत होता, ब्रुक्स ऐकून होते. दोन्ही एकच वक्र आहे, हे फळ्यावर शेजारी शेजारी काढलेलं पाहिल्यावर मजा आली. ठेकेदार दादांनी या वेळी फोन चक्क खिशात ठेवला. त्यांचा प्रश्न होता, "सर, मग माणसं वाढवायचीच नाहीत का?" उत्तर सरळ होतं: वाढवा, पण लवकर वाढवा, आणि वाढवल्यावर पातळी आधी पडणार हे धरून चाला. शेवटच्या महिन्यात वाढवलेली माणसं पडत्या भागातच येतात, चढत्या भागाची वाट बघायला महिना उरलेला नसतो.

इंटिग्रल वाइंडअपही इथेच आलं. हीटर शंभर टक्के चालू आहे, तरी तापमान सेटपॉइंटच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या आकड्याच्या, खाली आहे. आता यापुढे करण्यासारखं काही नाही, पण आय मात्र चूक साठवतच राहतो. तापमान शेवटी पोचतं तेव्हा आय इतका फुगलेला असतो की हीटर लवकर खाली येत नाही, आणि भट्टी सेटपॉइंट ओलांडून जाते. चांगल्या कंट्रोलरमध्ये यासाठी अँटी-वाइंडअप असतं: आउटपुट टोकाला टेकलं की साठवणं थांबव. माझ्या डोळ्यांसमोर आमचाच एक जॉब आला. पीएलसीचं (पॅनेलमधल्या कंट्रोल कॉम्प्युटरचं) एक कार्ड बाहेरून यायचं राहिलं होतं, ते आल्याशिवाय कुणीही काहीही करू शकत नव्हतं. तरी रोज वरून विचारणा व्हायची, आणि रोजच्या विचारणेला काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून दर दोन दिवसांनी एक निर्णय व्हायचा: कंत्राटी वायरमन आणा, ओव्हरटाइम मंजूर करा, टेस्टिंगला दुसरी शिफ्ट लावा. कार्ड आलं, काम भराभर झालं, पॅनेल गेलं. वायरमन पुढे कितीतरी दिवस वायरींच्या टोकांना घालायचे फेरूल मोजत बसले होते.

डी बद्दल थोडक्यातच. डी गोंगाटाला, म्हणजे मोजमापातल्या किरकोळ थरथरीला, फार हुळहुळा असतो, म्हणून प्रोसेस इंडस्ट्रीत अनेक जण तो बंदच ठेवतात. प्रोजेक्टमध्ये डी म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप. बंद ठेवता येत नाही, एवढाच फरक.

पहिला दिवस संपताना सर मोजमापावर आले, आणि इथे त्यांच्याकडे आणखी अर्धा तास असता तर बरं झालं असतं. सेन्सरच खोटं बोलत असेल तर पुढचा कंट्रोलर कितीही हुशार असो, उपयोग शून्य. 'नव्वद टक्के झालंय' हा आपला राष्ट्रीय सेन्सर आहे. वायरिंग नव्वद टक्के, प्लास्टर नव्वद टक्के, कोडिंग नव्वद टक्के, आणि उरलेले दहा टक्के महिनाभर. अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेलं काम पैशांत मोजायची पद्धत, तिच्यातला एसपीआय ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी त्यांनी एक जुनी गोम सांगितली. एसपीआय म्हणजे झालेल्या कामाचं मूल्य भागिले ठरलेल्या कामाचं मूल्य. ठरलेली तारीख उलटल्यावर खालचा आकडा वाढायचा थांबतो आणि वरचा हळूहळू त्याला गाठतो. म्हणून प्रोजेक्ट वर्षभर उशिरा संपला तरी शेवटी एसपीआय १ दाखवतो. म्हणजे ज्या वेळी सेन्सर सगळ्यात जास्त हवा, त्याच वेळी तो सगळं आलबेल असल्याचं सांगतो. मीटिंग किती वेळाने घ्यायची यावर नायक्विस्ट आणि शॅनन यांचा सॅम्पलिंगचा नियम आला: जो बदल पकडायचा त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने मोजावं लागतं, आणि कंट्रोल करायचं असेल तर त्याहून बरंच जास्त. दोन दिवसांत बिघडणाऱ्या कामावर आठवड्याची मीटिंग ठेवली, की मीटिंगला जे दिसतं ते चित्र भलतंच असू शकतं.

आता दुसरा दिवस.

सकाळी दुसरे शिकवणारे आले, संस्थेचेच. टाय, लेझर पॉइंटर आणि एक्सेल. शीटमध्ये आपल्या प्रोजेक्टचा केपी, केआय, केडी (पी, आय, डी यांचे गेन) भरायचा आणि 'या आठवड्यात किती माणसं वाढवावीत' याचं उत्तर दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत मिळवायचं. मला उत्तर आलं ३.२७ वायरमन. त्यातला ०.२७ कुठून आणायचा हे विचारल्यावर "राउंड ऑफ करा मॅडम" असं उत्तर मिळालं.

हा आकड्यांचा खेळ असता तर सोडून दिलं असतं. पण दुखणं खोल आहे. केपी काढायचा कसा, तर त्यांनी झीगलर-निकोल्सचीच दुसरी पद्धत पुढे केली: गेन वाढवत न्यायचा, सिस्टिम एकसारखे झोके खायला लागली की तो गेन आणि झोक्याचा कालावधी टिपायचा, आणि त्यावरून आकडे काढायचे. ओव्हनवर मी हे कितीदा तरी केलंय. पण प्रोजेक्टवर? म्हणजे सगळ्यांवर इतका दबाव टाकायचा की तारखा मागेपुढे हेलकावे खायला लागतील, ते हेलकावे मोजायचे, आणि मग कस्टमरला सांगायचं की आता आम्ही ट्यून झालोय? शिवाय ओव्हन उद्याही तोच ओव्हन असतो. प्रोजेक्ट एकदाच होतो. अर्ध्यात ड्रॉइंग बदलतं, माणसं बदलतात, द्राक्षाच्या तोडणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडची पोरं घरी जातात. ज्या प्लांटचं गणित दर महिन्याला बदलतं, त्याचे स्थिर आकडे एक्सेलमध्ये भरून मिळणाऱ्या उत्तराला मी तरी उत्तर म्हणणार नाही.

आणि एक मोठी गोष्ट दोन्ही दिवसांत राहूनच गेली. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलला अप्रेझल नसतं. आपण ८५० अंश दाखवलं तर भट्टीचा मालक रागावेल, असं त्याच्या मनात येत नाही. माणूस मोजला जातोय हे कळलं की तो आकडा बदलतो, काम तेच राहतं. अर्थतज्ज्ञ गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये ब्रिटनच्या पतधोरणाबद्दल लिहिताना हेच म्हटलं होतं: नियंत्रणासाठी वापरायला घेतलेला आकडा मग पूर्वीसारखा विश्वासाचा राहत नाही. प्लांटची थिअरी माणसांना लावायची, तर पहिला तास या विषयाला द्यायला हवा. मी हे बोलले तर टायवाले सर म्हणाले, "तो सॉफ्ट स्किलचा भाग आहे, आमचा वेगळा कोर्स आहे." पहिल्या दिवसाचे सर मागे खुर्चीत बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण चष्मा काढून पुसायला लागले.

जेवणानंतर सॉफ्टवेअरचं दर्शन. हीच शीट, पण क्लाउडवर, दर माणशी दर महिन्याला भाडं. 'आज सही केली तर सवलत' हेही झालं. दीड तास गेला. कुणी सही केलेली मला दिसली नाही. साइट इंजिनिअरने फक्त पेन मागून घेतलं.

त्यातल्या त्यात दुपारी उशिरा कॅस्केड लूपवर जो अर्धा तास मिळाला तो कामाचा होता, आणि तोही पहिल्या दिवसाच्या सरांनीच घेतला. आतला लूप वेगवान, बाहेरचा संथ. भट्टीत बाहेरचा लूप तापमान बघतो आणि आतल्याला फक्त सांगतो की गॅसचा प्रवाह इतका ठेव. प्रवाह कसा ठेवायचा ते आतल्याचं काम. आतला बाहेरच्यापेक्षा कैक पटींनी वेगवान हवा, नाहीतर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात. आमच्याकडे साहेब थेट वायरमनच्या टेबलाशी येऊन "हे आधी घे" सांगतात, तेव्हा नेमकं हेच होतं. साहेब हा लेख वाचतील. साहेब, नमस्कार.

यातलं आम्ही प्रत्यक्षात काय आणलं, तर फार थोडं. पावडर कोटिंगवाल्याकडचा मुलगा आता प्रत्येक टप्प्याला जॉबच्या टॅगचा फोटो थेट मला पाठवतो. स्टोअरची शीट नंतर भरली तरी चालते. टक्के बंद केले. वायरिंग पूर्ण म्हणजे फेरूल घालून, क्रिंपिंग करून, कंटिन्युइटी तपासून सही झालेली. मधलं काही नाही. एक तर झालं, नाहीतर नाही. 'वाटेत' हा कॉलम घातला. आणि दोन दिवसांपर्यंतच्या उशिराला हात लावायचा नाही असं ठरवलं, ज्याला आम्ही पॅनेलवाले डेड बँड म्हणतो. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं, कारण काहीच न करणं हे वरून बघणाऱ्याला आळशीपणासारखं दिसतं. तारखा अजूनही चुकतात. पण पूर्वी एक आठवडा हातावर हात आणि पुढचा आठवडा रात्रपाळी असं जे चालायचं, ते बरंच कमी झालंय, आणि रविवारी फोन आला तर वायरमन उचलतात.

सिंहस्थाचा विचारही फीडफॉरवर्ड, म्हणजे अडथळा यायच्या आधीच केलेली तजवीज, म्हणून आत्ताच करून ठेवलाय. २०१५ च्या पर्वण्यांना शहरात कसा बंदोबस्त होता हे नाशिककरांना सांगायला नको. तारखा माहीत असलेला अडथळा घडून गेल्यावर फीडबॅकने दुरुस्त करण्यात शहाणपण नाही. त्या दिवसांच्या आसपासचे डिस्पॅच मी आधीच पुढे-मागे सरकवायला सुरुवात केली आहे, आणि ही कल्पना मात्र सरांनी नाही, ठेकेदार दादांनी चहाच्या वेळी दिली.

कुणी जावं? उत्पादन, बांधकाम, सॉफ्टवेअर यांतलं काहीही वेळेत देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने पहिल्या दिवसासाठी जावं. इंजिनिअर नसलात तरी अडणार नाही, सिन्नरच्या काकांचं काहीच अडलं नाही. साहेब लोकांना सोबत नेता आलं तर उत्तम, कारण गेन त्यांच्याच हातात असतो. ज्यांना तयार सूत्र हवंय त्यांनी जाऊ नये. सूत्र मिळतं, तोच तर घोळ आहे. फक्त पहिल्या दिवसाची फी घेता का, असं मी काउंटरवर विचारलं. "पॅकेज आहे," असं उत्तर आलं. तरी विचारून बघा, चार जणांनी विचारलं तर बदलतील. अभिप्रायाचा फॉर्म त्यांनी रविवारी संध्याकाळी सहाला दिला, म्हणजे दोन दिवस शिकवलेल्या डेड टाइमचं प्रात्यक्षिकच. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत दिला असता, तर एक्सेल टळलं असतं.

वही ठीक आहे, पण नरसाळ्याच्या प्रयोगाचं त्यात एक चित्रसुद्धा नाही, तेव्हा स्वतःच्या वहीत उतरवून घ्या. शनिवारचं जेवण चांगलं होतं, वांग्याची भाजी विशेष. रविवारी पनीर. हॉलचा एसी मागच्या तीन रांगांपर्यंत पोचत नाही, पुढे बसा. चारचाकी आणणार असाल तर लवकर पोचा. आतली जागा पहिल्या सहा-सात गाड्यांतच संपते.